मुदतीचा लेख आणि यंत्राचा खोळंबा

म्हसळा, जि. रायगड

चि. भाचीस मामाचे अनेक आशीर्वाद, विशेष.

जंजिरा संस्थानाच्या अमलाखालील म्हसळ्याविषयीचा लेख दिवाळी अंकासाठी मागवला गेल्याचे वाचून घरात सर्वांनाच आनंद झाला. विषयाची तयारी चांगली झालेली असल्याने त्याबाबत काही सुचवण्याची गरज नाही. परंतु मुदतीच्या तोंडावर संगणक अडून बसला म्हणजे तयारीच्या लेखकाचीही जी तारांबळ उडते, तिच्याविषयी चार गोष्टी वेळीच कळवलेल्या बऱ्या, म्हणून हे पत्र. मुख्य सांगणे एवढेच की नुसत्या बिघाडाने लेख सहसा बुडत नाही. बिघाड गृहीत न धरता आखलेल्या कामाने आणि बिघाडानंतर घाईत उचललेल्या पावलाने तो बुडतो.

प्रथम काळाचा विचार. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून रुळलेल्या या प्रथेत अंक दिवाळीच्या सुमारास वाचकाच्या हाती पडत असला, तरी त्याचा मजकूर लेखकांकडून पावसाळ्यातच मागवला जातो, कारण संपादन, अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, पाने लावणे आणि छपाई या सर्वांना पुढे पुरेसा अवधी लागतो. त्यामुळे पुण्या-मुंबईच्या संपादकाने दिलेली तारीख म्हसळ्यात नेमकी आषाढ-श्रावणाच्या झडीत येऊन पडते, आणि त्या दिवसांत तारेवर फांदी पडली की वीज जाते, वीज फार वेळ गेली की मोबाइलचा मनोराही मुका होतो, आणि लाइनमन डोंगरातला दोष शोधून काढीपर्यंत इंटरनेटवर विसंबलेले प्रत्येक काम खोळंबते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळले, तेव्हा मुरुड, श्रीवर्धन आणि म्हसळा तालुक्यांत नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, विजेचे खांब कोसळले आणि अनेक गावांना कित्येक दिवस अंधारात काढावे लागले. असा प्रसंग दरवर्षी येत नाही हे खरे. परंतु दोन दिवस वीज नसणे हे येथे नवलाचे नाही, आणि म्हणून संपादकाच्या तारखेआधी निदान आठ दिवस स्वतःची तारीख धरून तीच खरी मानावी.

वीज जाते तेव्हा लेखाचे नेमके काय होते, हे समजून घेणे उपयोगाचे आहे. पडद्यावर दिसणारा मजकूर त्या क्षणी संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीत, म्हणजे वीज असेपर्यंतच टिकणाऱ्या स्मृतीत असतो. तो ‘सेव्ह’ केला म्हणजे हार्ड डिस्क किंवा एसएसडी या कायमच्या साठवणीत उतरतो. वर्डमध्ये न विचारताही दर दहा मिनिटांनी बचावाची एक प्रत टिपून ठेवण्याची सोय मुळातच लावलेली असते; हा अवधी दोन मिनिटांवर आणून ठेवावा, आणि शिवाय प्रत्येक परिच्छेद संपताच कंट्रोल व एस ही कळांची जोडी दाबण्याची सवय बोटांना लावावी. टेबलावरच्या संगणकाला यूपीएस असावा, मात्र त्याची बॅटरी काम पुरे करण्यासाठी नसून फाइल जतन करून यंत्र रीतसर बंद करण्यापुरतीच आहे, हे विसरू नये. गेलेल्या विजेपेक्षा परत येणारी वीज अधिक घातक ठरते, कारण ती कधी कमी, कधी जास्त दाबाने येते. म्हणून वीज गेल्यावर प्लग काढून ठेवावा, आणि ढग गडगडू लागले की राउटरची वायरही काढावी, कारण आकाशातल्या विजेचा झटका त्या वायरीतूनही आत येऊ शकतो.

बिघाडानंतरच्या पहिल्या दहा मिनिटांकडे मात्र सर्वांत जास्त लक्ष द्यावे, कारण बरेचसे नुकसान यंत्राने केलेले नसून त्या दहा मिनिटांत माणसाने केलेले असते. संगणक पुन्हा सुरू झाल्यावर वर्ड बाजूच्या चौकटीत बचावलेल्या प्रती दाखवते. घाबरलेला लेखक ती चौकट बंद करून जुनी फाइल उघडतो, तीत लिहू लागतो, आणि बचावलेली प्रत कायमची गमावून बसतो. त्याऐवजी चौकटीतील प्रत्येक प्रत उघडून वेगळ्या नावाने जतन करावी आणि तुलना नंतर निवांतपणे करावी. पेनड्राइव्ह लावल्यावर ‘वापरण्यापूर्वी फॉरमॅट करायचे का’ असा प्रश्न पडद्यावर आला, तर आत मजकूर असताना ‘होय’ कधीही म्हणू नये. ‘रद्द’ दाबून तो दुसऱ्या संगणकावर लावून पाहावा. चुकून पुसलेल्या फाइलविषयीही हेच धोरण ठेवावे: फाइल पुसली म्हणजे हार्ड डिस्कवरून मजकूर तत्काळ नाहीसा होत नाही, ती जागा मोकळी झाल्याची नोंद तेवढी होते, आणि नवे काही त्या जागेवर लिहिले जाईपर्यंत जाणकाराला मजकूर परत मिळवता येण्याची आशा असते, एसएसडीमध्ये ही आशा बरीच कमी असते. म्हणून अशा वेळी त्या यंत्रावर पुढे काहीही लिहू नये, उतरवून घेऊ नये. आणि हार्ड डिस्क टकटक आवाज करू लागली असेल, तर पुन्हा पुन्हा चालू-बंद करून पाहण्याचा मोह टाळावा, कारण फिरत्या तबकडीवरून मजकूर वाचणारे डोके प्रत्येक खेपेस तिला अधिक इजा करू शकते.

हे सर्व प्रसंग निभावण्याचा राजमार्ग म्हणजे प्रती. जाणकार ज्याला तीन-दोन-एक असा नियम म्हणतात, त्याचा अर्थ असा की मजकुराच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि त्यांतील एक घराबाहेर असावी. म्हसळ्याच्या परिस्थितीत पहिली प्रत संगणकावर, दुसरी पेनड्राइव्हवर, आणि तिसरी रोज संध्याकाळी स्वतःलाच पाठवलेल्या ईमेलमध्ये, अशी व्यवस्था पुरेशी होते. गुगल ड्राइव्हसारख्या ठिकाणी फोल्डर आपोआप जुळवून ठेवण्याची जी सोय असते, तिला मात्र पूर्ण प्रत समजू नये, कारण इकडे फाइल पुसली की तिकडचीही पुसली जाते, आणि ड्राइव्हच्या कचरापेटीत ती तीस दिवसच राहते. फाइलीला रोज नवा क्रमांक द्यावा, जसे ‘म्हसळा-लेख-०१’, ‘म्हसळा-लेख-०२’. ‘अंतिम’ हे नाव छपाई होईपर्यंत कोणत्याही फाइलीला देऊ नये.

मराठी लेखकाला याहून वेगळी एक अडचण येते ती टंकाची, म्हणजे फॉन्टची, आणि ती बहुधा लेख पाठवून झाल्यावर उघडकीस येते. कृतिदेवसारख्या जुन्या टंकांत इंग्रजी अक्षरांच्याच जागी देवनागरीची चित्रे बसवलेली असतात. त्यामुळे ‘काम’ हा शब्द फाइलीत डी, के आणि ई ही तीन इंग्रजी अक्षरे म्हणूनच साठवला जातो, आणि ज्या संगणकावर तो टंक नाही तिथे संपादकाला पानभर इंग्रजी अक्षरांचा निरर्थक घोळका दिसतो. युनिकोड ही जगभर मान्य झालेली संकेतपद्धती तसे करीत नाही: तिने देवनागरीसाठी १२८ स्वतंत्र जागा राखून ठेवल्या असून ‘क’ हा कोणत्याही टंकात, कोणत्याही यंत्रावर ‘क’च राहतो. तेव्हा लेख पहिल्यापासून युनिकोडमध्येच लिहावा, आणि त्यासाठी इन्स्क्रिप्ट हा कळफलक शिकून घ्यावा, कारण तो विंडोजमध्ये आणि लिनक्समध्येही मिळतो आणि वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही.

तरीही पाने लावणारा डीटीपीवाला जुन्या सॉफ्टवेअरवर काम करत असेल, तर तो युनिकोडचा मजकूर जुन्या टंकात बदलून घेतो, आणि तिथे ऱ्हस्व वेलांटी व रफार यांची गडबड होते. कारण युनिकोडमध्ये वेलांटी व्यंजनानंतर नोंदवली जाते आणि रफार व्यंजनाआधी, तर जुन्या टंकांत ती डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने बसवलेली असतात. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ यांतला फरक अशा रूपांतरात पुसला गेला, तर श्रीवर्धनच्या किनाऱ्यावरच्या लेखात समुद्राच्या जागी खोल दऱ्या अवतरतील. म्हणून अंकाच्या कार्यालयाला कोणता टंक चालतो, हे लिहायला बसण्यापूर्वीच विचारावे, लेखासोबत त्याची पीडीएफ, म्हणजे जसे दिसते तसेच गोठवलेले रूप, अवश्य पाठवावी, आणि प्रूफ आले की रफार, वेलांटी व जोडाक्षरे यांवरून आधी नजर फिरवावी.

मुदतीच्या आठवड्यात संगणकात नवे काहीही बसवू नये आणि आपोआप होणारी अद्यतने पुढे ढकलावीत. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-सॉफ्टवेअरच्या एका सदोष अद्यतनामुळे जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळा पडदा दाखवून थांबले, विमानतळांपासून रुग्णालयांपर्यंत कामे अडली. ज्यांच्याकडे स्वतंत्र तंत्रज्ञ असतात त्यांचीही ही गत होते, तर म्हसळ्यातील एकट्या लेखकाने ऐन वेळी प्रयोग करण्यात शहाणपण नाही.

लोकमान्य टिळकांनी ‘गीतारहस्य’ मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात शिसपेन्सिलीने लिहून काढले. १९१४ मध्ये सुटका झाली तेव्हा सरकारने ती हस्तलिखिते ठेवून घेतली आणि पुढे परत केली, तेव्हा १९१५ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध झाला. ग्रंथ हस्तलिखितांची वाट पाहू शकतो, दिवाळी अंक पाहू शकत नाही. म्हणून लेखाचा आराखडा, म्हणजे मुद्द्यांचा क्रम, सनावळ्या आणि आधारांची टिपणे, हाताने एका वहीत लिहून ठेवावा. सर्व प्रती गेल्या तरी त्या आधारावर लेख दोन दिवसांत पुन्हा उभा राहतो, आणि पुष्कळदा दुसऱ्या खेपेस तो अधिक आटोपशीर होतो.

इतके करूनही उशीर होणारच असे दिसले, तर तारीख उलटण्याची वाट न पाहता संपादकांना फोन करावा. ‘संगणक बिघडला’ हे कारण त्यांनी पुष्कळ ऐकलेले असते, म्हणून कारणमीमांसा न करता किती मजकूर तयार आहे, उरलेला नेमका कधी मिळेल, आणि तोपर्यंत पाने अडू नयेत म्हणून लेखाची शब्दसंख्या किती धरावी, एवढेच सांगावे. पाने लावणाऱ्याला जागा राखता आली, तर दोन दिवसांची सवलत बहुधा मिळते. इंटरनेट बंद असेल तर पेनड्राइव्ह घेऊन माणगावला जावे आणि तेथून लेख पाठवावा. एसटीची वेळ आधी पाहून ठेवावी.

प्रकृतीस जपावे, रात्री जागून लिहू नये. कळावे.

शुभचिंतक,
मामा