गाइड पथक आणि माता-पालक

ग्रामीण शाळांत गाइड पथक उत्साहाने सुरू होते. परंतु गाइड कॅप्टनची बदली झाली की ते बहुधा बंद पडते. भारत स्काउट्स आणि गाइड्स या संस्थेत १९५१ साली गाइड चळवळ सामील झाली. पथकाची घडण मुळात सोपी आहे. सहा ते आठ मुलींचा एक संघ, त्याची संघनायिका आणि संघनायिकांची मानसभा. वर्गणी, शिबिर, शिस्त यांचे निर्णय या सभेने घ्यावयाचे असतात. प्रत्यक्षात ते बाईच घेतात! पालकांची आठवण होते ती संमतिपत्रापुरती. शिबिरात सोबत कोण, झोपण्याची व्यवस्था कोठे, हे न कळल्यानेच आई मुलीला पाठविण्यास कचरते. म्हणून दोन मातांना शिबिराच्या तयारीत आरंभापासून घ्यावे आणि हिशेबाची वहीही त्यांच्याकडेच सोपवावी. बाईंची बदली झाली तरी वही, दोर व तंबू गावातच राहतील.