पैसे परत केले, तरी शिक्षा होते?

प्रश्न : दुकानाच्या वसुली कारकुनाने ग्राहकांकडून घेतलेली रक्कम जमाच केली नाही. पकडल्यावर निम्मी परत केली. त्याला काय शिक्षा होईल?

उत्तर : नोकराने मालकाच्या गल्ल्यातून पैसे उचलले, तर ती भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०६ खालची चोरी. इथे मात्र वसुलीची रक्कम विश्वासाने त्याच्या हाती होती. त्यामुळे कलम ३१६(४), म्हणजे फौजदारी विश्वासघात लागतो. दोन्हींत कमाल सात वर्षे कैद आणि दंड. प्रकार १ जुलै २०२४ पूर्वीचा असेल, तर जुन्या दंड संहितेची कलमे ३८१ आणि ४०८.

परतफेडीने गुन्हा पुसला जात नाही.

पण शिक्षा ठरवताना तिला वजन असते. रक्कम किती, प्रकार किती काळ चालला, आधीचा गुन्हा आहे का, हेही न्यायाधीश पाहतात. खोट्या पावत्या केल्या असतील, तर हिशेबातील लबाडीचे कलम ३४४ वेगळे लागते. पहिलाच गुन्हा असेल, तर १९५८ च्या परिवीक्षा कायद्याने चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सुटकाही शक्य आहे. मालक राजी असेल, तर न्यायालयाच्या परवानगीने तडजोड होते.

धाक दाखवून कोरे धनादेश लिहून घेणे मालकाने कटाक्षाने टाळावे; त्यातून त्याच्यावरच गुन्हा ओढवू शकतो. त्यापेक्षा नेमणूकपत्र, पावतीपुस्तके आणि बँकेचे उतारे जपावेत, कारण रक्कम कारकुनाकडे सोपवली होती हे आधी सिद्ध करावे लागते.