गजराची चावी

मीराचे घर अबुधाबीला आहे. तिचे बाबा संगणक अभियंता आहेत. आई रुग्णालयात परिचारिका आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत सगळे साताऱ्याला आजीकडे गेले होते. परत निघताना आजीने मीराला आपले चावीचे घड्याळ दिले.

"हे मी आजीच्याच वेळेवर ठेवणार," मीरा म्हणाली. भारतातील घड्याळे अबुधाबीच्या दीड तास पुढे असतात.

दुसऱ्या दिवशी पहाटे 'ट्रर्रर्र' असा गजर वाजला! आजीने लावलेला सहाचा गजर तसाच राहिला होता. अबुधाबीत तर साडेचारच वाजले होते. बाहेर अंधार होता. दूरवरून अजान ऐकू येत होती. रात्री उशिरा कामावरून आलेली आई दचकून जागी झाली. बाबांनी गजर बंद केला.

तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच! छोटा चिंटू हळूच पलंगामागे लपला. खेळता खेळता त्यानेच गजराला चावी दिली होती.

बाबांनी गजराची चावीच काढून कपाटात ठेवली. ते म्हणाले, "आता घड्याळ चालेल, पण गजर कोणालाही लावता येणार नाही. संगणकातही असेच करावे लागले."

"संगणकात गजर असतो?" मीराने विचारले.

"पुष्कळ असतात! संगणकाचा कारभार पाहणारा एक गाभा असतो. त्याला कर्नेल म्हणतात. 'मला एवढ्या वेळाने उठव,' असे संगणकातील निरनिराळे भाग त्याला सांगून ठेवतात. एखादा भाग काम संपवून गेला आणि त्याचा गजर मागे राहिला तर?"

"तर गाभा रिकाम्या घरात जाईल!"

"शाबास! किंवा त्या जागी दुसराच कोणी राहायला आलेला असेल. मग गोंधळ होतो. कधी कधी सारा संगणकच थांबतो."

"मग जाताना गजर बंद करायचा."

"तसे करीत असत. पण एकाने बंद केला, की तेवढ्यात दुसरा भाग तो पुन्हा लावी."

"आपल्या चिंटूसारखा!"

सगळे हसले. बाबा पुढे म्हणाले, "फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्स नावाचा गाभा लिहायला घेतला. आता देशोदेशींचे लोक मिळून तो सुधारतात. २०२३ साली त्यात नवी सोय आली. गजर कायमचा बंद केला, की मग तो कोणी लावू पाहिला तरी लागत नाही. मग त्यांनी अनेक ठिकाणचे जुने लेखन तपासून दुरुस्त केले. बँकांत, रुग्णालयांत, मोबाइल फोनमध्येही लिनक्स असतो. तो मध्येच थांबून कसे चालेल?"

"म्हणजे काम संपले, की आपला गजर आपणच आवरायचा," मीरा म्हणाली.

त्या रात्री आई शांत झोपली. सकाळी सातला शाळेत जाताना मीराने घड्याळ पाहिले. साताऱ्याला साडेआठ वाजले होते. आजीची पूजा आटोपली असेल!

स्वाध्याय
१. गजर पहाटे साडेचारला का वाजला?
२. बाबांनी चावी काढून का ठेवली?
३. अबुधाबीत दुपारचे बारा वाजतात तेव्हा साताऱ्याला किती वाजतात?