कुटुंब-अभ्यास : ‘आजी, तेव्हा तुम्ही कुठे होतात?’





मागच्या महिन्यात मिसरोदच्या बालवर्गात आम्ही हिरोशिमाचा पाठ घेतला. ६ ऑगस्ट १९४५, सकाळी सव्वाआठ, एक बॉम्ब, वर्षअखेरपर्यंत सुमारे १ लाख ४० हजार मृत्यू. मुलांनी आकडे वहीत उतरवले आणि एकाने विचारलं, “आता सगळ्यात मोठा बॉम्ब कोणाकडे आहे?” त्याचं काय चुकलं? आम्ही बॉम्बच शिकवला होता, माणसं नाही.

पुढच्या रविवारी सदाको सासाकीपासून सुरुवात केली. बॉम्ब पडला तेव्हा ती दोन वर्षांची. वरून काही लागलेलं दिसलं नाही. शाळेत धावण्यात पटाईत. मग रक्ताचा कर्करोग झाला आणि १९५५ साली, बाराव्या वर्षी, ती गेली. तिच्यासारखे कागदी पक्षी करायला मुलांना आवडतंच, पण तेवढ्यावर थांबलं की तो हस्तकलेचा तास होतो. आम्ही थांबलो ते ‘दहा वर्षांनी’ या शब्दापाशी. वर्ग एकदम गप्प.

जपानमध्ये अशा वाचलेल्यांना हिबाकुशा म्हणतात. त्यांच्या निहोन हिदांक्यो या संघटनेला २०२४ चं शांततेचं नोबेल मिळालं. शाळाशाळांत जाऊन सांगणारी ही मंडळी आता फार थकली आहेत. म्हणून हिरोशिमा शहराने २०१२ पासून त्यांची हकीकत शिकून पुढे सांगणारी माणसं तयार करायला घेतली. आधी नीट ऐकायचं, मगच बोलायचं. आपल्याला ही रीत नवी नाही.

तेवढ्यात एक मुलगी म्हणाली, “आपल्या भोपाळचंही असंच ना?”

नातवाला घेऊन आलेल्या एक आजी मागे बसल्या होत्या. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री त्या छोल्यात राहत होत्या. आमच्यातल्याच एकाने घाईने विचारलं, “आजी, तुमच्या घरातले किती गेले?” आजी पदर तोंडाला लावून उठून गेल्या.

चूक आमचीच. चार दिवसांनी आम्ही त्यांच्या घरी गेलो, चहा घेतला, काहीच विचारलं नाही. निघताना त्याच म्हणाल्या, “मेलेल्यांचं नाही सांगणार. ओल्या फडक्याचं सांगेन.” मिथाइल आयसोसायनेट पाण्याशी विक्रिया करतो, तोंडावर ओलं फडकं धरलं असतं तर थोडा तरी बचाव झाला असता. त्या रात्री हे वस्तीला कोणी सांगितलं नाही. लोक नुसते धावत सुटले, आणि धावताना श्वास जास्तच आत गेला.

मुलांना हेही स्पष्ट सांगावं की दोन्ही गोष्टी एक नाहीत. तिथे बॉम्ब जाणूनबुजून टाकला. इथे कारखान्याच्या टाकीतून सुमारे ४० टन विषारी वायू सुटला, हलगर्जीपणामुळे. सारखं आहे ते वाचलेल्यांचं पुढचं आयुष्य : दवाखाने, लग्नाच्या वेळची कुजबुज, कागदपत्रं.

या आठवड्यात घरी एवढं करा. घरात कोणी त्या रात्रीचं असेल तर मुलांना आधी विचारू द्या, “सांगाल का?” नाही म्हणाले तर विषय तिथेच सोडा. ‘किती’ विचारू नये. कोणाचा हात धरला होता, पांघरूण कोणतं होतं, हे चालेल. लहानांना फोटो दाखवू नका. आणि कृपा करून रेकॉर्डिंग करून ग्रुपवर फॉरवर्ड करू नका. करोंदकडे २०१४ साली सुरू झालेल्या ‘रिमेंबर भोपाळ’ संग्रहालयात वाचलेल्यांचे आवाज त्यांच्या संमतीने जपले आहेत. मोठ्या मुलांना तिकडे नेता येईल.

आजी येत्या रविवारी दहा मिनिटं बोलणार आहेत. फोन चपलांजवळच्या टोपलीत ठेवून या.