बैठे काम आणि चार पावले

शेतात राबणाऱ्या माणसास चालण्याचा उपदेश करण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो दिवसभर खुर्चीवर बसणाऱ्या कर्मचाऱ्याचा. जेरी मॉरिस व सहकाऱ्यांनी लंडनमधील दुमजली बसगाड्यांच्या सेवकवर्गाची पाहणी १९५३ साली प्रसिद्ध केली. बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा, जिने चढत-उतरत तिकिटे देणाऱ्या वाहकांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण कमी आढळले.

पायांतील रक्त वर हृदयाकडे नेण्यास पोटऱ्यांचे स्नायू पंपाप्रमाणे साहाय्य करतात. बैठकीत ते स्वस्थ राहतात. चालताना स्नायू रक्तातील साखर वापरतात, म्हणून भोजनोत्तर फेरीचे मोल अधिक. व्यायाम सलग दहा मिनिटे तरी असावा, ही जुनी अट जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली काढून टाकली. तेव्हा अर्ध्या-पाऊण तासाने उठून दोन-तीन मिनिटे चालावे; नस्ती शिपायाकरवी न धाडता स्वतः न्यावी. वर्गात फिरत शिकविणारा शिक्षक या बाबतीत सुखी. उत्तरपत्रिका तपासताना मात्र तोही कारकूनच होतो.

चहाच्या टपरीपर्यंतची फेरी तेवढी लांबते. काणकोणसारख्या तालुक्यात पहिली बस धरून एक-चौदाच्या उताऱ्यासाठी आलेला ग्रामस्थ तोवर रिकाम्या खुर्चीकडे पाहत ताटकळतो. यास्तव खिडकीवरील कर्मचाऱ्यांनी आळीपाळीने उठावे, आणि जाताना शेजारच्या मेजावर काम सोपवून जावे.