कुंतीची लागवड व संत्र्याच्या बागेची काळजी

अंगणास बारमाही हिरवी शोभा देणाऱ्या झुडपांत कुंतीची योग्यता मोठी आहे. हिलाच कित्येक ठिकाणीं कामिनी म्हणतात. पानें गर्द हिरवीं व चकचकीत, फुलें पांढरीं व सुवासिक, आणि त्यांमागून येणारीं लांबट फळें पिकल्यावर नारिंगी-तांबडीं होतात. परंतु ही वनस्पति संत्रें, मोसंबी, लिंबू, बेल व कढीलिंब यांच्याच कुळांतील आहे, हें बागाईतदारानें लागवडीपूर्वीं ध्यानांत घ्यावें.

लागवड :— पिकलेल्या फळांचा गर धुवून काढून बीं ताजें असतांनाच पेरावें. साठविलेल्या बियांची उगवणशक्ति लवकर घटते. माती, वाळू व कुजलेलें शेणखत सारख्या प्रमाणांत मिसळून वाफा करावा व बीं अर्धा इंच खोल घालावें. वीतभर वाढलेलीं रोपें पावसाळ्याच्या आरंभीं कायम जागीं लावावीं. कुंपणासाठीं दोन रोपांत २ फूट अंतर ठेवावें. पाण्याचा निचरा होणारी जमीन निवडावी.

छाटणी :— फुलें नव्या फुटीच्या शेंड्यांवर येतात. म्हणून वारंवार कातरलेल्या कुंपणास फुलें थोडीं व फळें त्याहूनही थोडीं लागतात. फळांची शोभा पाहिजे असल्यास फळें गळाल्यावर वर्षांतून एकदांच हलकी छाटणी करावी.

सायलाची भीति :— संत्र्यावरील सायला ही कीड कुंतीच्या कोवळ्या फुटीवरही अंडीं घालते. तिचीं पिवळसर, चपटीं पिलें शेंड्यांतील रस शोषतात व मेणासारखे पांढरे तंतु सोडतात. एवढ्यावरच हानि थांबत नाहीं. हीच कीड ग्रीनिंग रोगाचे जंतु एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेते. रोगट संत्र्याचीं पानें अनियमित पिवळीं पडतात. फळें लहान व वेडींवांकडीं होऊन तळाशीं हिरवींच राहतात. रोग जडलेलें झाड पूर्ण बरें करणारा उपाय नाहीं. अमेरिकेंतील फ्लोरिडा संस्थानांत ही कीड १९९८ सालीं व रोग २००५ सालीं आढळला. विक्रीस नेलेल्या कुंतीच्या रोपांबरोबर कीड तेथें दूरवर पसरली. २००३-०४ च्या हंगामांत तेथें संत्र्यांच्या सुमारें २४ कोटि पेट्या निघाल्या होत्या. २०२२-२३ मध्यें २ कोटिही भरल्या नाहींत. वादळांचाही त्यांत वांटा होता, परंतु मुख्य कारण हा रोगच होय.

संत्र्याची फूट ठराविक बहारांस येऊन थांबते. कातरलेली कुंती मात्र वर्षभर फुटत राहते. त्यामुळें मधल्या काळांत किडीस अन्न व आश्रय मिळतो.

काय करावें :— (१) संत्रें, मोसंबी वा लिंबू यांच्या बागेजवळ कुंती लावूं नये. तेथें करवंदीचें कुंपण घालावें. तीही सदाहरित असून कांट्यांमुळें गुरें अडतात, कच्च्या फळांचें लोणचें होतें, आणि ती संत्र्याच्या कुळांतील नाहीं. (२) पूर्वीं लावलेल्या कुंतीची प्रत्येक नवी फूट तपासावी. किडके शेंडे खुडून जाळावे. बाग अगदीं लगत असल्यास कुंती काढून टाकणेंच हिताचें. (३) परगांवाहून रोपें न आणतां घरींच बियांपासून तयार करावीं.

सातबाऱ्यावरील हद्द किडीस ठाऊक नसते. आपल्या शिवारांत बाग नसली तरी शेजाऱ्याची आहे किंवा नाहीं, हें पाहूनच कुंतीची जागा ठरवावी.