कल्पना कुठे सापडतात?

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही बाजारात जाता तेव्हा कानांवर काय पडते? "ताजी मेथी, ताजी मेथी!" असे भाजीवाला ओरडतो. कुल्फीवाला घंटा वाजवतो. हलवाई गरम जिलेबीची परात दुकानाच्या अगदी पुढे मांडतो. हे सारे कशासाठी? आपला माल लोकांना कळावा, यासाठी. यालाच जाहिरात म्हणतात.

आता बाजार मोबाइलमध्येही भरतो. व्हॉट्सॲप २००९ साली आणि इन्स्टाग्राम २०१० साली सुरू झाले. छोट्या दुकानदारांसाठी व्हॉट्सॲपने २०१८ साली 'व्हॉट्सॲप बिझनेस' हे वेगळे ॲप काढले. अशा साधनांना समाजमाध्यमे म्हणतात. पूर्वी वर्तमानपत्रात जाहिरात द्यायची तर पैसे मोजावे लागत. आता गल्लीतला छोटा दुकानदारही आपल्या मालाचे चित्र शेकडो लोकांना दाखवू शकतो. मात्र एक अडचण उरतेच. रोज दाखवायचे काय?

समजा, तुमच्या शेजारच्या खाला घरी शिवणकाम करतात. त्यांनी मोबाइलवर लिहिले, "आमच्याकडे कपडे शिवून मिळतील." दुसऱ्या दिवशी तेच लिहिले. तिसऱ्या दिवशीही तेच. मग लोक ते वाचेनासे झाले. खालांचा हात चांगला आहे. पण ते लोकांना कळणार कसे? त्यांच्या घरखर्चाचा प्रश्न या कामावरच अवलंबून आहे. चला, आपण त्यांना नव्या कल्पना शोधायला मदत करू.

पहिली जागा म्हणजे गिऱ्हाइकांचे प्रश्न. खालांकडे येणाऱ्या बायका काय विचारतात, ते ऐका. "छोट्या पन्ह्याच्या कापडात कुर्ता बसेल का?" "सुती कापड शिवण्याआधी भिजवावे का?" "ईदच्या किती दिवस आधी कापड द्यावे?" जो प्रश्न एकीला पडतो, तो आणखी दहा जणींना पडलेला असतो. खालांनी रोज एका प्रश्नाचे उत्तर द्यावे. सुती कापड पहिल्या धुण्यात आटते, म्हणून ते आधी भिजवून वाळवावे, एवढे सांगितले तरी पुरे. वाचणाऱ्याला उपयोगाची गोष्ट मिळते आणि खालांना आपले काम कळते, हेही दिसते.

दुसरी जागा म्हणजे आपले रोजचे काम. जे काम आपण रोज करतो, त्यात आपल्याला नवल वाटत नाही. पाहणाऱ्याला मात्र वाटते. औरंगाबादचे, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचे, हिमरू कापड प्रसिद्ध आहे. ते सूत आणि रेशीम मिळून विणतात. तयार शाल पाहून तिच्यामागचे कष्ट समजत नाहीत. पण मागावर धाग्याधाग्याने फूल उमटताना पाहिले, की तिची किंमत पटते. खालांनीही कपड्याची आतली बाजू दाखवावी. शिवण किती सरळ आहे, पुढे कपडा सैल करता यावा म्हणून आत कापड कसे राखले आहे, हे लोकांना दिसू द्यावे.

तिसरी जागा म्हणजे दिनदर्शिका. जूनमध्ये शाळा सुरू होतात, तेव्हा गणवेश लागतात. मग ईद आहे, दिवाळी आहे, लग्नसराई आहे. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत वर्षभराच्या कल्पना असतात. आसपास काय चालले आहे, याकडेही लक्ष हवे. अमूल लोण्याच्या जाहिरातीतली ठिपक्यांचा फ्रॉक घातलेली मुलगी १९६६ साली प्रथम लोकांसमोर आली. पुढे क्रिकेट असो, सिनेमा असो की निवडणूक असो, जे घडेल त्यावर ती एखादी मिस्कील ओळ बोलू लागली. लोक थांबून फलक वाचू लागले. त्या वेळी मोबाइल नव्हते. कल्पना मात्र होती.

चौथी जागा म्हणजे दुसऱ्यांचे काम. ते जरूर पाहावे. पण पाहणे वेगळे आणि उचलणे वेगळे. दुसऱ्या शिंप्याने काढलेले चित्र आपल्या नावावर खपवणे ही चोरीच आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने छायाचित्रालाही संरक्षण दिले आहे. म्हणून वेगळ्या धंद्याकडे पाहावे. फळवाला कलिंगड कापून आतला लाल रंग दाखवतो. त्यावरून खालांना शिवणीची आतली बाजू दाखवायचे सुचू शकते. येथे कोणाचे काही उचलले नाही. फक्त युक्ती शिकली.

ज्याच्याकडून शिकलो, त्याचे नावही घ्यावे. कोल्हापुरी चपलेची गोष्ट ऐका. महाराष्ट्र आणि कर्नाटक मिळून ८ जिल्ह्यांत बनणाऱ्या या चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. जून २०२५ मध्ये इटलीतील मिलान शहरात प्राडा या मोठ्या कंपनीने आपल्या नव्या वस्तू दाखवल्या. त्यांत कोल्हापुरीसारखी पायताणे होती, पण कोल्हापूरचे नाव नव्हते. समाजमाध्यमांवर लोकांनी जाब विचारला. तेव्हा आपण भारतातील पारंपरिक पादत्राणांवरून प्रेरणा घेतली, असे कंपनीने मान्य केले. या चर्चेचा उपयोग करून काही छोट्या विक्रेत्यांनी लोकांना सांगितले, "अस्सल कोल्हापुरी आमच्याकडे मिळते." मोठ्या कंपनीकडे पैसा होता. कारागिरांकडे स्वतःची खरी गोष्ट होती. तीच त्यांच्या कामी आली.

मित्रांनो, आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. जाहिरात खरी असावी. पिवळ्या दिव्याखाली कापडाचा रंग निराळा दिसतो, म्हणून चित्र दिवसाच्या उजेडात काढावे. गिऱ्हाइकाचे चित्र त्याला विचारल्याशिवाय दाखवू नये. चार दिवसांत शिवून होत नसेल, तर "चार दिवसांत मिळेल" असे लिहू नये. फसव्या जाहिरातीला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दंड सांगितला आहे. पण कायद्याच्या आधी आपली जबान आहे. खोट्या चित्राने गिऱ्हाईक एकदा येते. पुन्हा येते ते खऱ्या कामामुळेच.

तुमच्या घरी किंवा मोहल्ल्यात कोणी छोटा धंदा करत असेल, तर एक वही घेऊन त्यांच्याजवळ बसा. गिऱ्हाइकांचे प्रश्न लिहून घ्या. आठ दिवसांत ती वही अर्धी भरेल. मग वडीलधाऱ्यांना विचारून त्यांतला एक प्रश्न निवडा आणि त्याचे उत्तर सोप्या भाषेत लिहा. कल्पना दूरदेशी शोधायला नको. ती बहुधा आपल्या दुकानाच्या उंबरठ्यावरच उभी असते.

शब्दार्थ
पन्हा – कापडाची रुंदी
आटणे – आकाराने कमी होणे
माग – कापड विणण्याचे साधन
मिस्कील – हसू आणणारे, खोडकर
भौगोलिक मानांकन – एखादी वस्तू ठराविक प्रदेशाची आहे, अशी सरकारी मान्यता
पायताण – चप्पल, जोडा

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) लोक खालांचा मजकूर का वाचेनासे झाले?
(आ) हिमरू कापड कशापासून विणतात?
(इ) चित्र दिवसाच्या उजेडात का काढावे?
२. 'पाहणे वेगळे आणि उचलणे वेगळे' याचा अर्थ पाठातील उदाहरणाने स्पष्ट करा.
३. उपक्रम : जवळच्या एका दुकानदाराला भेटा. गिऱ्हाईक नेहमी विचारतात असे पाच प्रश्न मराठीत लिहून आणा आणि त्यांतील एकाचे उत्तर चार ओळींत लिहा.